धुराडे झाडणारी पोरे

थंड देशातील जुने घर थोड्या इंधनात ऊबदार कसे ठेवावे, हा प्रश्न आपल्या गावात कोणाला पडत नाही. परंतु त्याच्या इतिहासात मजुराचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून आम्ही तो आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

इंग्लंडातील जुन्या घरांत भिंतीतच शेकोटी असे व तिच्यावर धुराडे. व्यवस्था मोठी उधळी! बहुतेक उष्णता धुराबरोबर निघून जाई आणि तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आत ओढला जाई. माणूस पुढून भाजे, मागून कुडकुडे. १७९६ साली काउंट रम्फर्ड याने उपाय सांगितला: शेकोटी उथळ करा, बाजू तिरप्या ठेवा, धुराड्याचा गळा चार इंचांवर आणा. उष्णता खोलीत परतू लागली, कोळसा वाचला. मात्र गळ्यापाशी एक दगड सुटा ठेवावा, असेही त्याने सुचविले. कशासाठी? काजळी झाडणाऱ्या पोराला वर चढता यावे म्हणून.

धुराड्याची पोकळी पुष्कळदा चौदा इंच बाय नऊ इंच, कधी नऊ बाय नऊ. तीत पाच-सहा वर्षांची पोरे कोपर-गुडघ्यांवर चढत. आठ वर्षांखालील मुलगा ठेवू नये, असा कायदा १७८८ साली झाला. तो कागदावरच राहिला. १८०३ च्या सुमारास जॉर्ज स्मार्टने पोकळ नळ्यांना ब्रश जोडून यंत्र केले. पण वाकड्या धुराड्यांत ते चालवायचे तर जागोजागी लोखंडी झडपा बसवाव्या लागत, आणि तो खर्च घरमालकांना नको होता. यंत्र आहे, पण परवडत नाही! वाटाघाटींच्या मेजावर हे उत्तर आम्हीही पुष्कळदा ऐकले आहे. बंदीचे विधेयक उमरावांच्या सभेने १८०४ साली फेटाळले, १८१९ सालीही फेटाळले. १८४० साली एकवीस वर्षांखालील कोणालाही वर चढविणे गुन्हा ठरले, तरी पोरे चढतच होती. १८७५ साली फुलबोर्न येथील इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकून मेला. त्याच्या मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली, आणि त्याच वर्षी या धंद्याला पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला. तेव्हा कुठे पोरे खाली उतरली.

ती घरे अजून उभी आहेत. आता त्यांत माळ्यावर लोकरीसारखे जाड अस्तर घालतात, फटी बुजवितात आणि न वापरल्या जाणाऱ्या धुराड्याचे तोंड बंद करतात. थोडी हवा मात्र खेळती ठेवतात, नाहीतर भिंतींना ओल धरते.