परसदारचे टेबल आणि बाके: पावसाळ्याला पुरून उरण्यासाठी

परसदारी आंब्याच्या किंवा चिकूच्या सावलीत लाकडी टेबल मांडावे, दोन्ही बाजूंना बाके असावीत आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या मंडळींनी तिथेच न्याहारी उरकावी, ही हौस आता केवळ थंड हवेच्या ठिकाणी बंगले बांधणाऱ्यांची राहिलेली नाही. कोकणातील वडिलोपार्जित घर दुरुस्त करून घेणारे मुंबईकर असोत किंवा शहराच्या वेशीवर रो-हाउस घेणारे पुणे-नाशिककर असोत, सुताराकडे अशा टेबलाची मागणी होतेच. सुतार मात्र बहुधा घरातल्या जेवणाच्या टेबलाचाच आराखडा अंगणात आणून ठेवतो. तेच लाकूड, तोच डिंक, तेच पॉलिश. पहिल्या पावसाळ्यानंतर पॉलिश पांढरे पडते, दुसऱ्यानंतर सांधे हलू लागतात आणि आणखी एक-दोन वर्षांत पाय बुडाशी भुसभुशीत होतात. ज्या झाडाला वाढायला अर्धशतक लागले, त्याचे लाकूड पाच वर्षांत सरपणात जाणे खिशालाही परवडत नाही आणि जंगलालाही.

मुळात लाकूड भिजल्याने कुजत नाही, ते भिजलेले राहिल्याने कुजते. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा दीर्घकाळ लागतो. उन्हाची एक तिरीप आणि वारा मिळून भिजलेली फळी काही तासांत सुकत असेल, तर तिला फारसे भय नाही. पाणी साचून राहते ते दोन फळ्यांच्या सांध्यात, खिळ्याच्या भोकात आणि मातीत टेकलेल्या पायात. बाहेरच्या लाकडी सामानाची सगळी विद्या या तीन जागा कोरड्या ठेवण्याची आहे.

जुन्या वाड्यांच्या बांधकामात हे ज्ञान दिसते. वाड्याचा लाकडी खांब कधी जमिनीत पुरला जात नसे, तो दगडी तळखड्यावर उभा केला जाई. ओल दगडापाशी थांबे आणि वाळवीला वर चढायचे झाले तर तिची मातीची नळी उघड्यावर दिसे. परसदारच्या टेबलालाही हाच नियम लागू आहे. चारही पायांखाली शहाबादी फरशीचा किंवा काळ्या दगडाचा तुकडा ठेवावा, तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच तरी वर असावा. टेबल ‘हलू नये’ म्हणून पाय सिमेंटमध्ये गाडून घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सर्वांत घातक होय, कारण सिमेंट आणि लाकूड यांच्यामधल्या बारीक फटीत शिरलेले पाणी दिवाळीपर्यंत सुकत नाही.

लाकूड कोणते?

साग हे पहिले उत्तर, आणि ते योग्यच आहे. त्यातील नैसर्गिक तैलद्रव्ये वाळवी व बुरशी या दोहोंना दूर ठेवतात आणि ऋतू बदलला तरी फळी फारशी वाकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील साग ‘सीपी टीक’ या ब्रिटिशकालीन मध्य प्रांताच्या नावाने आजही ओळखला जातो. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, यावरून त्याची ख्याती लक्षात यावी. मात्र ‘साग’ या शब्दावर विसंबून राहणे धोक्याचे. टिकाऊपणा असतो तो गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी लाकडात. सालीलगतच्या फिकट पांढऱ्या लाकडात तो नसतो. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढऱ्या लाकडाचे प्रमाण बरेच असते. नव्वदच्या दशकात झटपट सागवानाच्या योजनांत अनेकांनी पैसे गुंतवले आणि १९९९ मध्ये ‘सेबी’ला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणावी लागली. झाडाने गाभा धरण्यासाठी घ्यायचा वेळ कागदावर कमी करता येत नाही. वखारीत फळी निवडताना दोन्ही कडा पाहाव्यात. पांढरी पट्टी असेल तर ती कापून टाकूनच मोजमाप करावे.

कोकणात ऐन, किंजळ आणि फणस यांची परंपरा मोठी आहे. फणसाचे पिवळे लाकूड मुरले की तांबूस होते, कामाला सोपे जाते आणि सहसा वाळवीला बळी पडत नाही. ऐन जड व मजबूत. पण नीट वाळवलेला नसेल तर उन्हात तडकतो. देशावर बैलगाड्यांच्या चाकांना वापरली जाणारी बाभूळ पायांसाठी उत्तम, तथापि तिच्या सरळ लांब फळ्या मिळणे कठीण. आंबा, रबरवुड आणि परदेशी खोक्यांतून निघणारे पाइन ही लाकडे स्वस्त पडतात, परंतु ती उघड्यावर ठेवण्याजोगी नाहीत. प्लायवुडचा तर इथे विचारही करू नये.

स्वतःच्या आवारातील झाड तोडून टेबल करण्याचा बेत असेल तर आधी कायदा पाहावा लागतो. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, हिरडा आदी अनुसूचित झाडे खासगी जमिनीवर असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू असून त्यासाठी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

जुन्या लाकडाचा पर्याय अनेकदा सर्वांत चांगला ठरतो. पाडलेल्या वाड्यांचे वासे, तुळया आणि दारांच्या चौकटी जुन्या सामानाच्या बाजारात मिळतात. हे लाकूड अनेक दशके वाळलेले असते, त्यामुळे ते आणखी आकसण्याची वा पिळण्याची भीती नसते. फक्त त्यात दडलेले खिळे शोधून काढणे हे कष्टाचे काम आहे. खिळ्यांमुळे पाते खराब होते म्हणून काही सॉ मिलवाले असे लाकूड घेतच नाहीत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर हा आणखी एक लोकप्रिय प्रकार. त्यांतील काळपट आणि डांबरासारखा वास येणारे स्लीपर क्रिओसोट या रसायनात मुरवलेले असतात. ते कुंपणाला चालतील, जेवणाच्या टेबलाला नाहीत.

एका भारतीय शोधाची आठवण

टेबल आणि बाके एकाच सांगाड्यात जोडलेली, तिरक्या पायांची जी आकृती ‘पिकनिक टेबल’ म्हणून जगभर ओळखली जाते, ती अमेरिकेतील उद्यानांची देणगी आहे. तेथे ही टेबले स्वस्त पाइनची होतात आणि पाइन लवकर कुजते. त्यावर तोडगा निघाला तो डेहराडूनला. तेथील वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. ते दाबाखाली लाकडात भरले की वाळवी आणि बुरशी दोन्ही दूर राहतात. ‘सीसीए’ या नावाने ते जगभर पसरले आणि अमेरिकेत कित्येक दशके परसदारची टेबले, झोपाळे, घसरगुंड्या याच लाकडाच्या झाल्या. पुढे लाकडातून झिरपणाऱ्या आर्सेनिकविषयी, विशेषतः लहान मुलांच्या संदर्भात, चिंता वाढली आणि २००३ च्या अखेरीस तेथील उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे थांबवले. इथल्या हौशी माणसाने यातून एवढेच घ्यावे की, वाळवीचे औषध जमिनीसाठी असते. ज्या फळीवर पोळी ठेवली जाणार तिला ते लावू नये, आणि हिरवट झाक असलेले प्रक्रिया केलेले लाकूड कुठून मिळालेच तर ते चुलीत घालू नये.

जोडलेल्या बाकांचा तो अमेरिकी घाट आपल्याकडे तितकासा सोयीचा नाही. बसण्यासाठी बाक ओलांडून पाय आत टाकावा लागतो. साडी नेसलेल्या बाईला आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांना ते जमत नाही. शिवाय एका बाजूची माणसे एकदम उठली की दुसऱ्या बाजूच्या वजनाने सगळे टेबल कलंडू शकते. सुटी बाके बरी. ती पावसाळ्यात उचलून पडवीतही नेता येतात.

मापे आणि जोडणी

सहा माणसांसाठी सहा फूट लांबीचे टेबल पुरते. प्रत्येकी दोन फूट जागा हा हिशेब धरावा. टेबलाची उंची ३० इंच, बाकाची १८ इंच. माथ्यासाठी साडेपाच इंच रुंदीच्या व सव्वा इंच जाडीच्या पाच फळ्या घेतल्या आणि त्यांमध्ये दोन-दोन सूत फट सोडली, की साडेअठ्ठावीस इंच रुंदी मिळते. बाकाला अशाच दोन फळ्या पुरतात. पाय तीन इंच चौरस, खालची चौकट तीन बाय दीड इंचाची. टेबल आणि दोन बाके मिळून प्रत्यक्षात जवळपास सहा घनफूट लाकूड लागते. कापण्यात आणि रंध्याखाली जाणारे धरून वखारीत सात-साडेसात घनफुटांची मागणी नोंदवावी. सागाच्या एका घनफुटाचे वजन साधारण १८ ते २० किलो भरत असल्याने नुसते टेबलच ५० किलोंच्या घरात जाते. उघड्यावर ते वजन उपयोगाचेच आहे.

फळ्यांमधली ती दोन सूत फट कित्येक घरमालकांना खटकते. ‘अन्नाचे कण पडतात’ म्हणून ती बुजवून घेण्याचा आग्रह होतो आणि तिथेच टेबलाचे आयुष्य निम्मे होते. फटीतून पाणी खाली जाते, वारा वर येतो. शिवाय लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नसले तरी रुंदीला ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. एकमेकींना चिकटवलेल्या पाच फळ्या जुलैत फुगल्या तर त्यांना जायला जागा नसते. मग एक तर माथा कमानीसारखा उचलला जातो किंवा सांधा फाटतो.

पाय आणि चौकट यांचा सांधा साल-कुसूचाच हवा, म्हणजे पायात चौकोनी खोबण आणि आडव्या लाकडाच्या टोकाला त्यात घट्ट बसणारी जीभ. त्यात आरपार लाकडी खुंटी ठोकली की डिंक सुटला तरी सांधा सुटत नाही. नेहमीचा पांढरा डिंक पाण्याने मऊ पडतो, म्हणून बाहेरच्या कामाला जलरोधक प्रकारचाच घ्यावा. चौकट बसवल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे आले तरच गुण्या बरोबर समजावा.

माथ्याच्या फळ्या वरून खिळे ठोकून बसवण्याचा मोह टाळावा. चौकटीच्या आत तीन आडव्या पट्ट्या बसवून त्यांतून खालून सव्वादोन इंची स्क्रू घ्यावेत आणि पट्टीतले भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे पाडावे, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. वरच्या पृष्ठभागावर एकही भोक राहत नाही. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि सागातील द्रव्यांशी संयोग होऊन काळे डाग पडतात. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरावे. समुद्राजवळच्या गावी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घेणे श्रेयस्कर. कडा रंध्याने गोल कराव्यात, त्या कोपराला टोचत नाहीत आणि धारदार कडेवरून तेलाचा लेप लवकर उडतो तसा इथे उडत नाही.

पॉलिश नव्हे, तेल

मेलामाइन आणि फ्रेंच पॉलिश ही घरातली कामे. काचेसारखा चकचकीत लेप उन्हाने तडकतो, तडीतून पाणी आत जाते आणि त्याच लेपामुळे ते बाहेर पडू शकत नाही. त्यापेक्षा उकळलेले जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन-तीन हात मुरवावेत. दरवर्षी एक हात पुन्हा द्यावा. फळ्यांची टोके आणि पायांचे तळ यांना दुप्पट तेल पाजावे, कारण लाकूड टोकाकडून कडेपेक्षा कित्येक पटींनी जास्त पाणी ओढते. एक खबरदारी मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा मोकळ्यावर पसरून वाळवूनच फेकाव्यात. कोकणातील काजूच्या टरफलांचे तेल टिकाऊ खरे, पण ते कातडीला फोड आणते. माथ्याला ते लावू नये.

तेल न देता ठेवलेला साग वर्षभरात राखाडी होतो. हा केवळ रंगाचा बदल असून ताकदीत फरक पडत नाही. ज्यांना तो रंग आवडतो त्यांनी खुशाल राहू द्यावा.

पावसाळ्यात टेबल ताडपत्रीने घट्ट गुंडाळणे म्हणजे बुरशीला उबदार घर देणे होय. झाकायचेच असेल तर बाजू मोकळ्या ठेवून नुसते छप्पर करावे. जमल्यास एका बाजूच्या पायांखाली आणखी एक फरशी सरकवून टेबल किंचित तिरके करावे, म्हणजे माथ्यावरचे पाणी वाहून जाते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात बाके उलटी करून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पायांच्या तळाशी आणि सांध्यांत दाबून पाहावे. टोक सहज रुतले तर कूज सुरू झाली असे समजावे. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती खरवडून पायाखालची जमीन तपासावी. एखादी फळी खराब झालीच, तर खालचे सहा स्क्रू काढून तेवढीच बदलता येते.