स्टिअरिंग कॉलम दुरुस्तीची घरगुती अवजारे

मोटारीचे स्टिअरिंग, त्याचा दांडा, बेअरिंग, बुश व कुलूप यांची खोलजोड करण्यासाठी मिस्त्री गॅरेजमध्येच बनवतात ती साधने. कंपनीची खास अवजारे महाग आणि बहुधा एकाच मॉडेलपुरती असल्याने ही लोखंडी पट्टी, पाइपाचे तुकडे व भंगारातील नटबोल्ट यांतून घडवली जातात.

पुलर : यांतील सर्वांत महत्त्वाचे. स्टिअरिंग दांड्याच्या दात्यांवर घट्ट बसते, गंजाने अडकते. जाड पट्टीला तीन भोके पाडतात. कडेच्या भोकांतील बोल्ट स्टिअरिंगच्या आटेदार छिद्रांत बसवतात. मधल्या भोकावर नट वेल्ड करून त्यातील लांब बोल्ट दांड्याच्या टोकावर आवळतात. पट्टी तिरकी झाल्यास आटे उपटतात. मूळ नट पूर्ण न काढता टोकाशी सैल ठेवतात. त्यामुळे झटक्याने सुटलेले स्टिअरिंग तोंडावर येत नाही. आधी सेंटर पंचाने खूण करतात. ती चुकल्यास चाके सरळ असूनही स्टिअरिंग वाकडे राहते.

बेअरिंग ठोकणी : बाहेरच्या कड्याच्या मापाचा पाइप. आतल्या कड्यावर ठोकल्यास दाब गोळ्यांवर येऊन बेअरिंग बिघडते.

कुलपाचे बोल्ट : बसवतानाच डोके तुटणारे असल्याने पान्हा लागत नाही. छिन्नीने खाच पाडून उलट फिरवतात.

इतिहास : कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी व सुरुवातीच्या अँबॅसडर यांत गिअरचा दांडाही कॉलमवरच असे. झिजलेल्या बुशऐवजी लेथवर कातलेला बुश घालत. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच २०२३ मध्ये ती बाद झाली.



मर्यादा : अपघातात आत दबणाऱ्या कॉलममधील प्लास्टिकच्या पिना हातोडीच्या घावाने तुटतात, म्हणून तेथे फक्त पुलर वापरावा. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीची बॅटरी सोडवून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच स्टिअरिंगला हात लावावा. अवजार घरी करण्यास हरकत नाही. मात्र तुटलेला दांडा किंवा जॉइंट वेल्ड करून पुन्हा कधीही बसवू नये.