आष्टीचा शेतरस्ता आणि वकिलीचे शिक्षण : प्रस्तावना

विधी महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरते तेव्हा समोर बहुधा सर्वोच्च न्यायालय असते, युक्तिवाद इंग्रजीत होतो आणि खटल्याची हकीकत छापील कागदावर आयती मिळालेली असते. भांडायचे ते फक्त कायद्याच्या अर्थावर. या प्रथेत वाईट काही नाही, पण परतूरच्या न्यायालयात पहिल्यांदा वकीलपत्र दाखल करणाऱ्या मुला-मुलींना असा कागद कोणी देत नाही. हकीकत पक्षकाराच्या तोंडून काढावी लागते, आणि पक्षकार ती सरळ सांगत नाही. अभिरूप अध्यापनाच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना माझा आग्रह एवढाच आहे, की सुरुवात युक्तिवादापासून नको, पक्षकारापासून करा.

ही कल्पना नवी नाही. ग्लासगोच्या विधी शिक्षकांनी आर्डकॅलक नावाचे एक अख्खे काल्पनिक गावच संगणकावर वसवले होते. विद्यार्थ्यांच्या वकिली पेढ्या त्या गावातली कामे चालवत, पत्रव्यवहार करत, तडजोडी घडवत. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राकडूनही एक पद्धत उचलली. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास प्रशिक्षित माणसांना रुग्णाच्या भूमिकेत बसवायला सुरुवात केली होती. त्याच धर्तीवर ग्लासगोत सामान्य माणसे पक्षकार झाली, आणि मुलाखत संपल्यावर त्यांनीच विद्यार्थ्यांना गुण दिले. वकिलाने आपले ऐकून घेतले की नाही, हे पक्षकाराला कळतेच.

आपल्याला गाव कल्पनेतून वसवण्याची गरज नाही. जालना जिल्ह्यातले आष्टी घ्या. आष्टी म्हटले की बाहेरचा माणूस बीडची की वर्ध्याची असे विचारतो, म्हणूनच अर्जावर ‘मौजे आष्टी, ता. परतूर, जि. जालना’ असे पुरते लिहायची सवय पहिल्याच तासाला लागते. माणसे आणि गट नंबर मात्र काल्पनिकच ठेवावेत.

प्रकरण शेतरस्त्याचे. काळ्या रानात पावसाळ्यात वाट बंद झाली की खत आत जात नाही आणि कापूस बाहेर येत नाही. त्यामुळे हा वाद कधी किरकोळ नसतो. अडवलेला जुना रस्ता मोकळा करून घ्यायचा तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत. वाट मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. त्यात धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. आता जानेवारीच्या मध्यावर पक्षकार येतो आणि म्हणतो, ‘पेरणीच्या टायमाला आडवलं, साहेब.’ वर्गातले बहुतेक जण मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. कोणती पेरणी? खरिपाची, म्हणजे जून-जुलैची असेल तर मुदत संपलेली असू शकते. रब्बीची, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपासची असेल तर दावा मुदतीत आहे. व्याख्यानात कलम ५ ची मुदत पाठ होते. ती विचारायची कशी, हे मात्र वकिलाच्या खुर्चीत बसल्यावरच समजते.

पक्षकाराच्या भूमिकेतल्या माणसाकडे एक गुप्त चिठ्ठी असते : धुरा आपणही थोडा नांगरला आहे, विचारल्याखेरीज बोलायचे नाही. प्रतिवादीच्या चिठ्ठीत असते की वाट होती, पण पायवाट, गाडीवाट नव्हे. दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना सातबारा, गाव नकाशा आणि मंडळ अधिकाऱ्याचा स्थळ पाहणीचा पंचनामा सारखाच मिळतो. पंचनाम्यात चतुःसीमा मुद्दाम उलटसुलट लिहून ठेवावी. ती चूक पकडणारा विद्यार्थी क्वचितच वर्गात पहिला आलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

नियमांचा आधार हवा असेल तर तोही आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत अभिरूप न्यायालय आणि इंटर्नशिपच्या शंभर गुणांच्या प्रात्यक्षिकात युक्तिवादाला तीस, प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणाला तीस, पक्षकाराची मुलाखत, पूर्वतयारी आणि इंटर्नशिपची रोजनिशी यांना तीस आणि तोंडी परीक्षेला दहा गुण ठेवले आहेत. म्हणजे मुलाखतीला जागा आहेच. ती बऱ्याच ठिकाणी वही भरून उरकली जाते, हे शिक्षकांनाही ठाऊक आहे.

भाषेचा प्रश्न इथे टाळता येत नाही. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली. उच्च न्यायालयाची इंग्रजी राहिली. औरंगाबाद खंडपीठात पुढे इंग्रजीत बोलायचे आहे, म्हणून वर्गात सगळे इंग्रजीतच करायचे, हा हिशेब चुकतो, कारण तिथे जाणारा पुरावा खाली मराठीत नोंदला गेलेला असतो. ‘हे म्हणणे खरे नाही की वाट कधीच नव्हती’ अशा दुहेरी नकाराच्या जबानीत साक्षीदार नेमके काय कबूल करतो आहे, हे विद्यार्थ्याने कागदावर लिहून पाहावे. उलटतपासात सूचक प्रश्न चालतो, सरतपासात एरवी चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पण प्रश्न मराठीत सूचक कसा होतो, तो शेवटच्या ‘ना?’ने की आवाजाच्या चढाने, हे कलमात सापडणार नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. शहरातला विद्यार्थी शेतकऱ्याची भूमिका करू लागला की पाच मिनिटांत नक्कल सुरू होते, वर्ग हसतो आणि उद्याच्या वकिलाला पक्षकाराकडे वरून पाहायची सवय जडते. बाई पक्षकार असेल तर हे आणखी वाईट होते. म्हणून शक्य असेल तिथे ही भूमिका निवृत्त तलाठ्याला किंवा असा वाद स्वतः लढलेल्या शेतकऱ्याला द्यावी आणि त्याला मानधन द्यावे. नंतरच्या चर्चेत आधी त्याने बोलावे, मग शिक्षकाने. विद्यार्थ्याने स्वतःचा बचाव सगळ्यांत शेवटी करावा. मुलाखतीला अर्धा तास दिला असेल तर या चर्चेला त्याच्या दुप्पट वेळ राखावा, आणि वेळापत्रकात तो बसत नसेल तर मुलाखती निम्म्या कराव्यात.