आदेश गेला, पण पोहोचला का?

घराला आज्ञा देण्याची कल्पना मोबाईलबरोबर जन्मली नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ‘एक्स-१०’ पद्धत तयार केली. नवी वायर टाकायची नाही. विजेच्या वायरिंगमधूनच दिव्याला संदेश धाडायचा. सोळा अक्षरं, प्रत्येकाला सोळा आकडे, म्हणजे २५६ पत्ते. पण मूळ पद्धत एकतर्फी होती, पोच मिळत नसे. अमेरिकी घरांत वायरिंगचे दोन भाग असतात. संदेश एकातून दुसऱ्यात नीट जात नसे, मग काही दिवे ऐकतच नसत. पुढे झेड-वेव्हसारख्या पद्धतींनी पोच आणली.

मग प्रश्न संपला? सानपाड्यात आमच्या घरी एका रात्री बाथरूमपाशी ठरल्या वेळी लागणारा दिवा लागलाच नाही. पत्नी अंधारात धडपडली, थोडक्यात वाचली. अ‍ॅप म्हणत होतं, ‘चालू’. मुलाने प्रोग्राम तपासला, वेळ तपासली. शेवटी कळलं, भिंतीवरचं बटणच बंद! दिलेला आदेशच अ‍ॅपने ‘चालू’ म्हणून नोंदवला होता.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण आप्ताच्या. अ‍ॅप म्हणजे आप्त नव्हे, बरं का! बिघाड शोधताना आधी दिव्याकडे बघा, मग पडद्याकडे. आमच्या त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे.