नियंत्रकाचा नेटवर्क पत्ता बदलणे

कारखाना, खाण, पंपगृह किंवा भातगिरणीतील यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाला नेटवर्कवर ओळखण्यासाठी दिलेला क्रमांक काढून त्याजागी दुसरा देण्याची क्रिया. हा नियंत्रक बहुधा पीएलसी (प्रोग्राम करता येणारा लॉजिक नियंत्रक) असतो. नवे यंत्र जोडताना, जळालेला नियंत्रक बदलताना किंवा दोन विभागांची नेटवर्के एकत्र करताना ही वेळ येते. क्रमांक बदलायला काही मिनिटे पुरतात. खरी जोखीम असते ती जुना पत्ता धरून बसलेल्या इतर उपकरणांत.

ही जोखीम किती मोठी असू शकते, हे एका उदाहरणातून दिसते. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात, डोंगरी बुजुर्ग ही मॉइल या कंपनीची उघडी मँगनीज खाण आहे. इथले मँगनीज डायऑक्साइडचे खनिज सुक्या बॅटरीच्या उद्योगात वापरले जाते आणि खाणीजवळ विद्युत-अपघटनाने हेच द्रव्य शुद्ध स्वरूपात बनवण्याचा कारखानाही आहे. या पद्धतीत खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवतात आणि शुद्ध केलेल्या गरम द्रावणातून वीजप्रवाह सोडून धनाग्रावर मँगनीज डायऑक्साइड बसवतात. द्रावणाचे तापमान, आम्लता आणि विजेचा प्रवाह तासन् तास एका पातळीवर राखावे लागतात. अशा कामात एका टाकीसाठीची आज्ञा दुसऱ्या टाकीच्या नियंत्रकाला गेली, तर माल बिघडतोच, शिवाय माणसाच्या जिवालाही धोका होतो.

पीएलसीची कल्पना डिक मोर्ली यांनी १९६८ मध्ये मांडली. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने मॉडबस ही संदेशपद्धत आणली. तिच्या सीरियल तारेवर प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ मधला एक क्रमांक असतो आणि ० हा सर्वांना एकदम उद्देशून असतो. दोन उपकरणांचा क्रमांक एकच असला की दोन्ही एकाच वेळी उत्तर देतात आणि संदेश विस्कटतो. कारखान्यातून येताना अनेक उपकरणांवर १ हाच क्रमांक असतो, म्हणून नवी उपकरणे तारेवर एकेक करून जोडावीत. क्रमांक डीआयपी स्विचने, म्हणजे उपकरणावरच्या छोट्या खटक्यांनी, ठरत असेल, तर बहुतेक उपकरणे तो वीज सुरू होतानाच वाचतात. चालू यंत्रावर खटके हलवून काही होत नाही.

इथरनेटवर पत्ते दोन असतात. ४८ बिटांचा मॅक पत्ता उत्पादक देतो आणि तो सहसा बदलायचा नसतो. बदलायचा असतो तो ३२ बिटांचा आयपी पत्ता. अंतर्गत नेटवर्कांसाठी १९९६ मध्ये राखून ठेवलेल्या श्रेणींपैकी १९२.१६८ ने सुरू होणारी श्रेणी कारखान्यांत फार दिसते. नवा पत्ता टाकताच लॅपटॉपचा संपर्क तुटतो. यात बिघाड काही नाही. लॅपटॉप अजून जुन्या पत्त्याशी बोलत असतो. नवा पत्ता वेगळ्या सबनेटमध्ये (उपनेटवर्कात) असेल, तर लॅपटॉपचा पत्ताही त्याच सबनेटमधला करावा लागतो.

नियंत्रक बूटपी किंवा डीएचसीपी या सर्व्हरकडून आपोआप पत्ता घेण्याच्या पद्धतीवर ठेवला असेल, तर तो दर वेळी वीज आल्यावर पत्ता मागतो आणि देणारा सर्व्हर नसला की पत्त्यावाचून राहतो. दिवसभर नीट चाललेले यंत्र रात्री वीज जाऊन आल्यावर स्काडावरून (देखरेखीच्या संगणक-प्रणालीवरून) नाहीसे होण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. गावाकडच्या फीडरवर, जिथे वीज जाणे नेहमीचे आहे, तिथे पत्ता स्थिर करून तो कायम स्मृतीत साठवल्याशिवाय काम पुरे झाले असे धरू नये. खात्रीसाठी नियंत्रकाची वीज एकदा बंद-चालू करून पाहावी.

पत्ता बदलण्याआधी प्रोग्रामची प्रत काढावी, प्रक्रिया सुरक्षित स्थितीत थांबवावी आणि हवा असलेला पत्ता मोकळा आहे का हे तपासावे. नुसत्या पिंगवर, म्हणजे त्या पत्त्याला पाठवलेल्या चाचणी-संदेशावर, विसंबू नये. त्या वेळी बंद असलेले उपकरण पिंगला उत्तर देत नाही आणि दुसऱ्या दिवशी सुरू झाल्यावर भांडण उभे राहते. आयपी पत्ता दोघांचा एकच झाला, तर पडद्यावरचे आकडे कधी एकाचे, कधी दुसऱ्याचे येऊ शकतात. हा दोष शोधायला सर्वांत त्रासदायक असतो, कारण प्रत्येक उपकरण सुटे तपासले की ठणठणीत निघते.

पत्ता बदलल्यावर एचएमआय (यंत्रचालकाचा पडदा), स्काडाचा ड्रायव्हर आणि या नियंत्रकाशी थेट बोलणाऱ्या दुसऱ्या पीएलसींमधल्या संदेश-आज्ञा या सर्व ठिकाणी तो बदलावा लागतो. शेवटची जागा सर्वाधिक विसरली जाते. तिचा उल्लेख कुठल्याच पडद्यावर नसतो. तो फक्त प्रोग्रामच्या आत असतो.

खाणीच्या गावी तज्ज्ञ नागपूरहून येईपर्यंत पाळीवरच्या कामगारालाच पॅनेल उघडावे लागते. त्याच्यासाठी नवा पत्ता, सबनेट मास्क आणि बदलाची तारीख पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी. नोंदवहीतला जुना पत्ता मात्र खोडू नये.