नेमबाजी आणि शिस्तीचा शब्द

आपल्या देशात नेमबाजीच्या खेळास संघटित रूप मिळाले ते १९५१ साली. त्या वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे प्रणेते दादासाहेब मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. एका शब्दाने सभागृह शांत करणाऱ्या पुरुषाने या खेळाचा पाया घालावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

आमच्या करंजाडेलगतच्या पनवेलात सुमा शिरूर यांनी 'लक्ष्य' ही नेमबाजीची संस्था उभारली. २००४ साली क्वालालंपूर येथे त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळविले, हे सर्वविदित आहे. परंतु नेमबाजांच्या पाठीशी उभा राहणारा रेंज ऑफिसर मात्र कोणाच्या स्मरणात नसतो.

'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप' अशा मोजक्याच त्याच्या आज्ञा. 'स्टॉप' उच्चारताच चापावरील बोट निघालेच पाहिजे. बंदुकीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच हवे. ती रिकामी करून, आत सुरक्षेची खूण असलेली रंगीत दोरी घातल्यावाचून जागा सोडावयाची नाही. आणि त्याच्या अनुज्ञेवाचून कोणीही रेषेपुढे पाऊल टाकावयाचे नाही. त्याच्यापुढे पदकविजेता आणि नवशिका सारखेच.

आपल्या ज्ञातीतील मुलेमुलीही या खेळाकडे वळोत, अशी आमची इच्छा आहे. मात्र अशा अधिकाऱ्याने पाल्यास दटावले, तर पालकांनी रोष मानू नये. जिंकलेल्या पदकांची नोंद होते. टळलेल्या अपघाताची होत नाही. त्याचे श्रेय या अनामिकास देणे हे आपले कर्तव्य होय.