संगणकावर इतिहासाचा तास

सनावळ्या पाठ करून घेणे म्हणजे इतिहास शिकविणे नव्हे, हे सर्वांनाच मान्य असते. मात्र त्याला पर्याय कोणता, हा प्रश्न उरतोच. संगणकाने त्याला दिलेले एक गाजलेले उत्तर म्हणजे ‘द ऑरेगॉन ट्रेल’ हा शैक्षणिक खेळ.

१९७१ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉन रॉविच हे प्रशिक्षणार्थी शिक्षक आठवीला इतिहास शिकवीत होते. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा धडा जिवंत व्हावा, यासाठी त्यांनी बिल हाइनेमन आणि पॉल डिलेनबर्गर यांच्यासह हा खेळ रचला. वर्गात पडदा नव्हता. दूरच्या संगणकाशी जोडलेले टेलिटाइप यंत्र प्रत्येक प्रसंग कागदावर छापून देई.

काळ १८४७ चा, कुटुंब पाच जणांचे आणि वाट २,०४० मैलांची. गाडी घेतल्यावर उरलेले ७०० डॉलर बैल, अन्न, दारूगोळा व कपडे यांवर कसे वाटायचे, हे विद्यार्थ्यांनीच ठरवायचे. बैलांवर काटकसर केली तर वेग मंदावतो, कपडे अपुरे पडले तर थंडीत आजारपण ओढवते. निर्णय आणि परिणाम यांचा संबंध असा अनुभवातून कळतो.

१९७४ मध्ये रॉविच मिनेसोटातील शैक्षणिक संगणन संस्थेत रुजू झाले. जपून ठेवलेल्या छापील प्रतीवरून त्यांनी खेळ पुन्हा उतरविला आणि प्रवाशांच्या रोजनिशा अभ्यासून आजार, वादळे व अपघात यांची वारंवारता सुधारली. अस्सल साधनांचा हा आधार हेच या खेळाचे खरे बळ होय.

त्याची मर्यादाही लक्षणीय आहे. खेळणारा स्थलांतरिताच्या नजरेने पाहतो. ज्यांच्या भूमीतून ही वाट गेली, त्या मूलनिवासींची बाजू दुय्यम राहिली. २०२१ च्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेण्यात आला. म्हणूनच खेळ संपल्यावर ‘यात कोणाचे म्हणणे ऐकू आले नाही?’ असे विचारणारा शिक्षक अपरिहार्य ठरतो.

महाराष्ट्रातही पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. त्या कामासाठी ओळखले जाणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. मात्र कोडमागे केवळ चित्रफीत असेल, तर विद्यार्थी पुन्हा श्रोताच राहतो. नकाशा, जनगणनेचे आकडे किंवा जुने पत्र हाती देऊन त्याला निष्कर्ष काढायला लावले, तरच संगणक समाजशास्त्राच्या तासाला उपयोगी पडला, असे म्हणता येईल.